यशवंतराव चव्हाण : कायद्यातून घडलेले राज्य

प्रस्तावना

राज्यकारभार म्हटला की अनेकांच्या डोळ्यांपुढे मंत्री, कचेरी आणि सरकारी शिक्का एवढेच येते. गावचा रस्ता, मुलांची शाळा, शेताचा सातबारा, दवाखान्यातील परिचारिका यांपैकी पुष्कळ गोष्टी राज्याच्या कायद्याने ठरलेल्या असतात, हे सहसा लक्षात येत नाही. हा कायदा कोण करते, कसा करते आणि त्याला कोण अडवू शकते, हे ज्यांच्या चरित्रातून चांगले समजते, अशा नेत्यांमध्ये यशवंतराव चव्हाण यांचे नाव अग्रभागी आहे. ते महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री होते. त्यांच्या हाती मोठी सत्ता आली. परंतु त्या सत्तेचा एक भाग त्यांनी कायदा करून जिल्ह्याजिल्ह्यांतील लोकांच्या स्वाधीन केला. या पाठात त्यांच्या जीवनाचा आणि त्याबरोबरच राज्य शासनाच्या रचनेचा परिचय करून दिला आहे.

१. कृष्णाकाठचे बालपण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते; आज ते सांगली जिल्ह्यात आहे. घरची शेती थोडी आणि कोरडवाहू. वडील बळवंतराव लहानपणीच वारले. आई विठाबाई यांनी कष्ट करून मुलांना वाढवले. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु मुलांनी शिकलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे हे कुटुंब कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या कराड येथे राहू लागले आणि यशवंतराव तेथील टिळक हायस्कूलमध्ये शिकू लागले.

शाळेत असतानाच स्वातंत्र्यचळवळीचे वारे त्यांच्यापर्यंत पोहोचले. १९३२ साली कराडमध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. तुरुंगात अनेक विचारांची माणसे एकत्र होती. त्यांच्या चर्चा ऐकणे, मिळेल ते पुस्तक वाचणे आणि स्वतःचे मत तपासून पाहणे ही सवय यशवंतरावांना तेथेच लागली. सुटकेनंतर त्यांनी शिक्षण पुरे केले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून ते १९३८ साली पदवीधर झाले. १९४१ साली त्यांनी पुण्यात कायद्याची पदवी मिळवली आणि कराडला वकिली सुरू केली.

१९४२ च्या जून महिन्यात वेणूताई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोनच महिन्यांनी छोडो भारत आंदोलन सुरू झाले आणि यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांनी वेणूताईंनाही अटक केली. पुढे यशवंतराव पकडले गेले आणि त्यांनी पुन्हा तुरुंगवास भोगला. इंग्रजांचा कायदा मोडणारा हा तरुण पुढे कायदे करणाऱ्या सभागृहात जाऊन बसणार होता.

२. आमदार, मंत्री आणि मुख्यमंत्री

१९४६ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. यशवंतराव सातारा जिल्ह्यातून निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. संसदीय सचिव हा मंत्र्याला सभागृहाच्या आणि खात्याच्या कामात साहाय्य करतो. फायली कशा चालतात, मंत्री निर्णय कसा घेतो आणि सभागृहात त्या निर्णयाचा जाब कसा द्यावा लागतो, हे यशवंतरावांनी या पदावर राहून जवळून पाहिले. १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली आणि १९५२ साली प्रौढ मताधिकाराने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. कराड भागातून निवडून आलेले यशवंतराव मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. पुरवठा, स्थानिक स्वराज्य, समाजविकास अशी खाती त्यांनी सांभाळली.

राज्य शासनाची रचना येथे थोडक्यात समजून घेतली पाहिजे. राज्याचे काम तीन अंगांत विभागलेले असते. कायदा करण्याचे काम विधिमंडळ करते. कायद्याप्रमाणे कारभार चालवण्याचे काम राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ आणि त्यांच्या हाताखालची प्रशासनयंत्रणा करते. कायद्याचा अर्थ लावण्याचे आणि न्याय देण्याचे काम न्यायालये करतात. राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. राज्याचे सर्व आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात. मात्र काही ठरावीक बाबी सोडल्यास राज्यपालांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते. खरी कार्यकारी सत्ता मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ यांच्याकडे असते आणि हे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. विधानसभेचा विश्वास गेला की मंत्रिमंडळाला सत्ता सोडावी लागते. मंत्रिपदी आलेली व्यक्ती सहा महिन्यांच्या आत विधिमंडळाची सदस्य झाली नाही, तर तिचे मंत्रिपदही जाते.

मुख्यमंत्री कसा निवडला जातो, याचा अनुभव यशवंतरावांना १९५६ साली आला. त्या वर्षी भाषेच्या तत्त्वावर देशातील राज्यांची पुनर्रचना झाली. मराठी आणि गुजराती भाषकांचे मात्र मिळून एकच मोठे द्विभाषिक मुंबई राज्य करण्यात आले. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ हे प्रदेशही त्याला जोडले गेले. विधिमंडळातील काँग्रेस पक्षाचा नेता निवडण्यासाठी मतदान झाले. त्यात यशवंतरावांनी भाऊसाहेब हिरे या ज्येष्ठ नेत्याचा पराभव केला. बहुमत असलेल्या पक्षाचा नेता म्हणून १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

३. विरोधाला तोंड देणारे सभागृह

हे मुख्यमंत्रिपद म्हणजे काटेरी मुकुट होता. मुंबईसह मराठी भाषकांचे स्वतंत्र राज्य व्हावे, यासाठी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. शंभराहून अधिक माणसांनी त्या चळवळीत प्राण गमावले होते. यशवंतरावांनी द्विभाषिक राज्याचा स्वीकार केला, म्हणून त्यांच्यावर कठोर टीका झाली. मराठी माणसांपैकी अनेकांना ते आपल्या मागणीच्या आड उभे आहेत असे वाटे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जोरदार धक्का दिला. खुद्द यशवंतराव कराडमधून थोड्याच मतांनी निवडून आले. विधानसभेच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४ मिळाल्या. सरकार टिकले, परंतु ते मुख्यतः इतर भागांतील जागांच्या बळावर.

आता सभागृहात एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, उद्धवराव पाटील यांच्यासारखे प्रभावी विरोधक समोर बसले होते. प्रश्नोत्तरे, स्थगन प्रस्ताव, अर्थसंकल्पावरील चर्चा अशा प्रत्येक संधीचा उपयोग ते सरकारला धारेवर धरण्यासाठी करत. बहुमताच्या जोरावर मतदान जिंकता येते; परंतु लोकांचे मन जिंकता येत नाही, याची जाणीव यशवंतरावांना होती. त्यांनी विरोधकांचे बोलणे ऐकून घेण्याची आणि शांतपणे उत्तर देण्याची रीत ठेवली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. कायदा व सुव्यवस्था राखणे ही राज्य शासनाची जबाबदारी असते. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी संयम पाळला आणि निदर्शने शांततेत पार पडली.

लोकांची इच्छा द्विभाषिक राज्याच्या विरुद्ध आहे, हे यशवंतरावांनी हळूहळू केंद्रीय नेत्यांच्या गळी उतरवले. अखेर राज्याचे विभाजन करण्याचा निर्णय झाला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नवे राज्य निर्माण करण्याचा किंवा राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला नाही. तो घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेला आहे. मात्र असे विधेयक संसदेत मांडण्यापूर्वी राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागण्यासाठी पाठवतात. त्याप्रमाणे मुंबईच्या विधिमंडळाचे मत घेतले गेले, संसदेने मुंबई पुनर्रचना अधिनियम संमत केला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली. ३९६ जागांपैकी १३२ गुजरातकडे गेल्या आणि महाराष्ट्राच्या विधानसभेत २६४ सदस्य राहिले. ही संख्या १९७८ पासून २८८ झाली आहे. राज्यपाल श्रीप्रकाश होते, विधानसभेचे अध्यक्ष सयाजी सिलम होते, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे झाले आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण.

४. तीस वर्षे थांबलेला कायदा

द्विभाषिक राज्याच्या काळातच एक महत्त्वाचा कायदा झाला होता. गावगाड्यात महार समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वतन होते. नावाला थोडी जमीन मिळे. पण तिच्या मोबदल्यात कुटुंबाला सरकारची आणि गावाची वाटेल ती कामे रात्रंदिवस करावी लागत. वेठीला ना वेळेचे बंधन होते, ना योग्य मजुरीची हमी. वतनामुळे माणूस गावाला बांधला जाई आणि त्याची मुले शिक्षणापासून दूर राहत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळाचे सदस्य असताना त्यांनी १९२८ साली या पद्धतीत बदल करण्यासाठी विधेयक मांडले होते. कोणत्याही सभासदाला, तो मंत्री नसला तरी, विधेयक मांडता येते. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. परंतु सरकारचे आणि बहुमताचे पाठबळ नसेल तर असे विधेयक पुढे सरकणे कठीण असते. बाबासाहेबांना १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. सभागृहात मांडलेला विचार मात्र वाया गेला नाही. यशवंतरावांच्या मंत्रिमंडळाच्या काळात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारे विधेयक आले आणि दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. १९५८ च्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९५९ साली अमलात आला. सक्तीची चाकरी संपली. ठरावीक रक्कम भरल्यास वतनाची जमीन त्याच कुटुंबांना परत देण्याची सोय झाली. गरजेपोटी ती कोणी कवडीमोलाने विकू नये, म्हणून विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट घातली गेली. हा दिवस पाहण्यासाठी बाबासाहेब हयात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

५. सत्ता वाटून देणारा कायदा

महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर यशवंतरावांनी हाती घेतलेले सर्वांत मोठे काम म्हणजे जिल्हा परिषदांचा कायदा. तोपर्यंत खेड्यातील रस्ता, विहीर किंवा शाळा यांचा निर्णय बहुधा मुंबईच्या सचिवालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत होत असे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली देशभर लोकशाही विकेंद्रीकरण करण्याची शिफारस केली होती. तिला अनुसरून राजस्थान आणि आंध्र प्रदेश यांनी पावले टाकली होती. महाराष्ट्राला साजेशी रचना कोणती, हे ठरवण्यासाठी १९६० साली महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. समितीने १९६१ च्या मार्च महिन्यात अहवाल दिला.

त्या अहवालाचे वैशिष्ट्य असे की, त्याने सत्ताधाऱ्यांच्याच हातातील काही अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. जिल्हा हा विकासाचा मुख्य घटक मानून तेथे लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद असावी. जिल्हाधिकारी तिच्या रचनेबाहेर असावा. परिषदेचे प्रशासन पाहण्यासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी असावा. आमदार आणि खासदार यांना परिषदेचे सदस्यत्व नसावे. हा शेवटचा मुद्दा अवघड होता. कायदा करायचा आमदारांनी आणि त्याच कायद्याने आपल्या भागातील कामांवरची पकड सैल करायची, असा हा प्रकार होता. खेड्यातील अननुभवी माणसांच्या हाती पैसा आणि नोकरवर्ग दिला तर कारभार बिघडेल, अशी शंका अधिकारी आणि राजकारणी या दोघांनाही वाटत होती. अशा शंकांपुढे यशवंतराव थांबले नाहीत. जबाबदारी मिळाल्यावाचून माणूस कारभार शिकत नाही, ही त्यांची धारणा होती.

विधेयकाचा कायदा होईपर्यंतचा मार्ग लांब असतो. प्रथम खाते विधेयकाचा मसुदा तयार करते आणि विधी खाते त्याची भाषा व घटनात्मक बाजू तपासते. मंत्रिमंडळाने मान्यता दिल्यावर मंत्री ते सभागृहात मांडतो. हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात प्रथम विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते आणि नंतर एकेक कलम घेऊन त्यावर दुरुस्त्या सुचवल्या जातात व मतदान होते. विषय गुंतागुंतीचा असल्यास विधेयक सभासदांच्या समितीकडे सोपवता येते. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयकावर शेवटचे मत घेतले जाते. राज्यात विधान परिषद असेल तर विधेयक तेथे जाते आणि तेथेही हीच वाटचाल होते. बहुतेक राज्यांत विधान परिषद नाही. तेथे विधानसभा हे एकच सभागृह असते. महाराष्ट्राखेरीज कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, बिहार आणि उत्तर प्रदेश या राज्यांत दोन सभागृहे आहेत.

दोन्ही सभागृहांचे मत जुळले नाही तर काय करायचे, हेही घटनेने ठरवून दिले आहे. विधान परिषद साधे विधेयक पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा संमत केले, तर परिषदेला आणखी एक महिना मिळतो. त्यानंतर विधानसभेचा निर्णय अंतिम ठरतो. कर आणि सरकारी खर्च यांच्याशी संबंधित धन विधेयक मात्र फक्त विधानसभेतच मांडता येते आणि परिषदेला ते चौदा दिवसांत परत करावे लागते. लोकांनी प्रत्यक्ष निवडलेल्या सभागृहाचा शब्द शेवटचा असावा, हा यामागील हेतू आहे.

जिल्हा परिषदांचे विधेयकही या पायऱ्यांवरून पुढे गेले. विधेयक सभागृहांनी संमत केले आणि त्याला अधिनियमाचे रूप आले. त्याचे नाव महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ असे आहे. परंतु राज्याच्या कायद्यांच्या यादीत तो १९६२ चा पाचवा अधिनियम म्हणून नोंदलेला आहे. १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्राच्या दुसऱ्या वर्धापनदिनी, पंचवीस जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शिक्षण, ग्रामीण रस्ते, आरोग्य केंद्रे, शेतीविस्तार अशी कामे त्यांच्याकडे आली. ज्यांनी कधी जिल्ह्याच्या कचेरीची पायरी चढली नव्हती, अशा कुटुंबांतील माणसे परिषदेचे अध्यक्ष आणि पंचायत समितीचे सभापती होऊ लागली. पुढील काळातील अनेक आमदार, मंत्री आणि मुख्यमंत्री या शाळेत तयार झाले.

या रचनेत उणिवा नव्हत्या असे नाही. परिषदांचा बहुतेक पैसा राज्य सरकारच्या अनुदानातून येई, त्यामुळे त्यांचे स्वातंत्र्य मर्यादित राहिले. अनेक ठिकाणी गावातील सधन घराण्यांनीच सत्ता धरून ठेवली. स्त्रियांचा सहभाग सुरुवातीला नाममात्र होता. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला देशभर घटनात्मक आधार दिला आणि स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले.

६. राष्ट्रपतींच्या संमतीचा प्रश्न

विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांकडे जाते. राज्यपाल त्याला संमती देऊ शकतात, संमती रोखू शकतात किंवा धन विधेयक नसल्यास ते पुनर्विचारासाठी परत पाठवू शकतात. सभागृहांनी परत आलेले विधेयक पुन्हा संमत केले, तर राज्यपालांना संमती रोखता येत नाही. आणखी एक मार्ग म्हणजे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवणे.

हा मार्ग का आवश्यक ठरतो, याचे उदाहरण यशवंतरावांच्या काळातच आहे. १९६१ साली शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. एका कुटुंबाकडे किती शेतजमीन असावी, याची मर्यादा ठरवून अतिरिक्त जमीन भूमिहीनांना देणे हा त्याचा उद्देश होता. घटनेने संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूचींत विषयांची वाटणी केली आहे. जमीन हा विषय राज्यसूचीत असल्याने कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला होता. परंतु जमीन काढून घेणारा कायदा मूलभूत हक्कांच्या कारणावरून न्यायालयात रद्द होऊ नये, असे घटनात्मक संरक्षण हवे असेल तर त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. ती घेतली गेली आणि २६ जानेवारी १९६२ पासून कायदा अमलात आला. साखर कारखान्यांच्या मालकीच्या मोठ्या शेतजमिनींनाही या कायद्याने हात घातला. जमिनीची मर्यादा फार वरची ठेवली आणि पळवाटा राहिल्या, अशी टीका त्यावर झाली. पुढे सत्तरच्या दशकात ही मर्यादा खाली आणावी लागली. कायदा संमत होणे आणि त्याचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, हे या उदाहरणावरून दिसते.

याच काळात सहकारी संस्थांचा कायदा आणि औद्योगिक विकास महामंडळाचा कायदाही झाला. पहिल्याने सहकारी साखर कारखाने, पतसंस्था आणि खरेदी-विक्री संघ यांच्या कारभाराची चौकट ठरवली. दुसऱ्यामुळे मुंबईबाहेर औद्योगिक वसाहती उभ्या राहण्यास आधार मिळाला.

७. जे आदेशाने करता आले

प्रत्येक गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. आपल्या अधिकाराच्या मर्यादेत मंत्रिमंडळ निर्णय घेते आणि तो शासनाच्या आदेशाने अमलात येतो. १९५६ साली डॉ. आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला. परंतु अनुसूचित जातींसाठी असलेल्या सवलती त्या वेळच्या केंद्रीय आदेशाप्रमाणे बौद्धांना मिळत नव्हत्या. धर्म बदलला तरी दारिद्र्य आणि समाजाची वागणूक बदललेली नव्हती. शिक्षण सोडण्याची वेळ अनेक विद्यार्थ्यांवर आली. यशवंतरावांच्या सरकारने राज्याच्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्राच्या स्थापनेपासून तो लागू झाला. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देण्याचे धोरणही याच सुमारास आले.

या निर्णयाला मर्यादा होती. राज्याचा आदेश राज्यापुरता चालतो. केंद्राच्या नोकऱ्यांत आणि संस्थांत या सवलती मिळण्यासाठी १९९० पर्यंत, म्हणजे संसदेने कायद्यात बदल करेपर्यंत, वाट पाहावी लागली.

८. राज्यातून केंद्राकडे

१९६२ च्या निवडणुकीनंतर यशवंतराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि मारोतराव कन्नमवार त्यांच्या जागी आले. त्यानंतर यशवंतरावांनी गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही महत्त्वाची खाती सांभाळली. १९७७ साली ते लोकसभेत विरोधी पक्षनेते होते आणि १९७९ साली काही काळ उपपंतप्रधान. मुख्यमंत्री असताना विरोधकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या यशवंतरावांना आता समोरच्या बाकांवरून प्रश्न विचारायचे होते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांच्याकडे आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद आले. केंद्राच्या करांतून राज्यांना किती वाटा मिळावा, याची शिफारस हा आयोग करतो. पैशावाचून राज्याचे अधिकार कागदावरच राहतात, हे त्यांनी मुख्यमंत्री म्हणून अनुभवले होते. १९८३ साली वेणूताईंचे निधन झाले आणि ते एकाकी झाले. याच काळात त्यांनी कृष्णाकाठ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात १९४६ पर्यंतच्या जीवनाची हकिकत आहे. पुढचे भाग लिहून झाले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. कराड येथे कृष्णा-कोयनेच्या संगमावर त्यांची समाधी आहे.

यशवंतरावांच्या धोरणांविषयी मतभेद होते आणि आजही आहेत. त्यांच्या कारभाराची रीत मात्र अभ्यासण्याजोगी आहे. बहुमत हाती असूनही त्यांनी समिती, सभागृह आणि विरोधी पक्ष यांना वळसा घालून राज्य चालवले नाही. त्यांच्या काळातील कायद्यांनी कित्येक कुटुंबांची वेठ संपवली आणि खेड्यातील माणसाला जिल्ह्याच्या कारभारात जागा दिली. आजही एखाद्या गावातील स्त्री जिल्हा परिषदेच्या सभेत उठून शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न विचारते, तेव्हा तो अधिकार तिला कायद्याने मिळालेला असतो.

शब्दार्थ

विधेयक – कायद्याचा प्रस्तावित मसुदा
अधिनियम – संमत झालेला कायदा
वतन – वंशपरंपरेने चालणारे काम आणि त्याबद्दल मिळणारी जमीन किंवा हक्क
वेठ – सक्तीने, मोबदल्यावाचून करून घेतलेले काम
विकेंद्रीकरण – सत्ता एका जागी न ठेवता अनेक ठिकाणी वाटून देणे
कमाल धारणा – जास्तीत जास्त जमीन बाळगण्याची मर्यादा
समवर्ती सूची – केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांची यादी
अखत्यारी – अधिकाराची कक्षा

पाठान्त प्रश्न

१. राज्य शासनाची तीन अंगे कोणती? प्रत्येकाचे काम एका वाक्यात लिहा.
२. नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार कोणाला आहे? महाराष्ट्राच्या निर्मितीच्या आधारे स्पष्ट करा.
३. १९२८ चे विधेयक मागे घ्यावे लागले आणि वतने रद्द करणारा कायदा मात्र पुढे संमत झाला. यामागील कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
४. आमदारांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व नसावे, ही शिफारस अवघड का होती?
५. तुम्ही राहता त्या राज्यात विधिमंडळाची एक सभागृहे आहे की दोन? तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराने मांडावा असा एक प्रश्न लिहा.